गिरिजाबाई आणि कड्यावरची ठकूबाई

गुरुग्रामच्या त्या उंच सोसायटीच्या गेटवर गार्डनं रजिस्टर पुढे सरकवलं आणि विचारलं, "आंटीजी, किस काम से आए हो?" गिरिजाबाईंनी पदर खोचला, चष्मा नाकावर चढवला आणि रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं: झगड़ा.

"मज़ाक मत करो आंटीजी."

"मज़ाक नहीं भैया, तारीख ठरलीय. उन्नीसवीं मंज़िल, प्रभावती मैडम. फोन लगाओ, वो राह देख रही है."

गार्डनं भीत भीत इंटरकॉम लावला. पलीकडून प्रभावतीबाईंचा आवाज असा काही आला की शेजारी उभा असलेला डिलिव्हरीवालाही वळून बघायला लागला. "आली का ती? भेजो, भेजो! लिफ़्ट बंद करो और सीढ़ी से भेजो!"

गिरिजाबाईंना अस्सं हसू फुटलं म्हणता! सत्तरीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरतायत, आयएनए स्टेशनापासून मेट्रोत उभ्यानं आलेली, पण गाल बघाल तर लाल. हे भांडण म्हणजे त्यांचा वर्षाचा सण होता.  आज मात्र त्यांना भांडायचं होतं आणि भांडण संपायच्या आत एक गोष्ट कबूल करायची होती. चौतीस वर्षांपूर्वी त्या एक खोटं बोलल्या होत्या, आणि ते आता पुस्तकात छापून येणार होतं.

तर हे भांडण मूळचं दिल्लीचं नव्हे. कोयनेच्या खोऱ्यात, महाबळेश्वराच्या मागच्या डोंगरात दोन वाड्या आहेत. धारेवर शेलारांची, खाली उतेकरांची. मधून ओढा वाहतो. गिरिजाबाई माहेरच्या शेलार, प्रभावतीबाई माहेरच्या उतेकर. दोघींच्या आज्यांच्या काळात कधीतरी गिरिजाबाईंचा आजा कड्यावरचा मध काढायला दोराला लटकून खाली उतरला, आणि वरती दोर धरला होता प्रभावतीबाईंच्या आज्यानं. त्यानं दोर सोडला. का सोडला? इथंच तर सगळी गंमत आहे! शेलार म्हणतात, उतेकर भेकड, झुडपात काहीतरी खसफसलं आणि हा पळाला. उतेकर म्हणतात, शेलार हावरट, लटकल्या लटकल्या मध चाटत बसला आणि असा काही जड झाला की देवालाही तो दोर धरवला नसता. शेलार आजा खालच्या कारवीच्या झुडपात पडला, वाचला, तीन दिवस तिथूनच शिव्या घालत राहिला आणि चौथ्या दिवशी घरी आला. कसा आला ते कुणी सांगत नाही. तेव्हापासून शेलार ते चाटे आणि उतेकर ते सोडे. वाड्यावाड्यांत पाणी बंद, सोयरीक बंद.

बंद नाही ते फक्त बोलणं. दर चैत्रात देवीच्या जत्रेला दोन्ही वाड्यांच्या माहेरवाशिणी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींच्या पूर्वजांचा उद्धार करतात. त्याला 'बोल' म्हणतात. सुनांना तिथं तोंड उघडायचा अधिकार नाही, फक्त लेकींना. जी वाडी जिंकेल तिला वर्षभर पालखीचा पुढचा खांदा, हरेल तिला मागचा. नियम तीनच. एकीचा बोल झाला की ती सावकाश तीन टाळ्या वाजवते, तिसरी पडायच्या आत समोरून उत्तर आलं नाही तर समोरची हरली. समोरचीच्या बोलाला चुकूनही 'हो' म्हणायचं नाही, म्हटलं की खेळ खलास. आणि सगळ्यात कडक नियम असा की बोल ऐकलेला असावा, बनवलेला नसावा. म्हणून सुरू करायच्या आधी देवीचा भंडारा चिमूटभर जिभेवर ठेवतात.

दैवाची लीला बघा, या दोघी लेकींना नवरे मिळाले ते दोन्ही दिल्लीतले. गिरिजाबाईंचे संपतराव फौजेतून सुटून एका मिनिस्ट्रीत लागले, प्रभावतीबाईंचे गुणवंतराव दुसऱ्या मिनिस्ट्रीत हेडक्लार्क. आणि क्वार्टर? लक्ष्मीबाई नगरात, मागच्या गल्लीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक! सामान उतरवताना दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींच्याही हातातले डबे खाली पडले. "तू?" "तू?" संपतराव म्हणाले, "ओळखीच्या दिसताहेत, बरं झालं." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

वर्षभर त्या एकमेकींशी गोड वागत. वैर माहेरचं होतं, शेजार सासरचा. पोरं एकाच शाळेत, दूध एकाच डेअरीचं, मंगळवारी हळदीकुंकू. पाणी मात्र एकमेकींच्या घरचं घेत नसत, चहा घेत. चहा म्हणजे पाणी नव्हे असा निवाडा दोघींनी मिळून केला होता. चैत्र आला की दोघी गावी जाऊन ओढ्यावर एकमेकींची सालटी काढत आणि परतीच्या गाडीत एकाच डब्यातला चिवडा खात.

अठ्ठ्याऐंशी साली मात्र दोघींच्याही पोरांच्या परीक्षा जत्रेवर आल्या आणि गावाला जाणं रहित झालं. दोन्ही वाड्यांच्या त्या हुकमी बोलणाऱ्या, त्यांच्याशिवाय कसं व्हायचं? गावाहून पत्र आलं. तुम्ही समोरासमोर राहताच, तिथंच उरकून घ्या आणि निकाल तारेनं कळवा.

मग काय! मंगळवारी सकाळी साहेब लोक बस पकडून ऑफिसला गेले, आणि दोघी आपापल्या मागच्या व्हरांड्यात जिभेला भंडारा लावून उभ्या राहिल्या. मधल्या गल्लीला ओढा मानलं. "सोड्यांची गं तू! तुझ्या आज्याच्या हातात दोर काय, धोतराची गाठसुद्धा टिकली नाही!" "आणि तुझा आजा गं? मधाचं पोळं बघून जीभ कोपरापर्यंत बाहेर!" गल्लीत भांडी घासणाऱ्या बाया थांबल्या. वरच्या मजल्यावरच्या मिसेस भल्ला धावत खाली आल्या आणि मध्ये उभ्या राहून हात जोडायला लागल्या, "हाय रब्बा, बहनजी, बच्चों का मुँह देखो!" दोघी एका सुरात ओरडल्या, "आप हटिए भाभीजी, नदी में खड़ी हो आप!"

दीड तास चाललं. प्रभावतीबाई त्या दिवशी पेटल्या होत्या. एकेक बोल असा काढत होत्या की गिरिजाबाईंच्या आजीनं सांगितलेलं सगळं संपलं. पोतडी रिकामी! पलीकडून पहिली टाळी पडली. गिरिजाबाई मनातली पोतडी झाडून बघत होत्या. दुसरी पडली. डोळ्यांसमोर गावाकडचा भाऊ दिनकर दिसायला लागला, मागच्या खांद्यावर, पालखीची धूळ खात. तिसरीसाठी प्रभावतीबाईंचे तळवे उचलले गेले आणि गिरिजाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तुझा आजा दोर सोडून घरी गोधडीत शिरला गं! कड्यावर कोण गेलं माहितेय? तुझी आजी! ठकूबाई! कासोटा घालून, जांभळीला दोर बांधून एकटी उतरली आणि आमच्या आज्याला पाठीवर बांधून वर घेऊन आली! नवरा गोधडीत, बायको कड्यावर! आणि वर येता येता सगळा मध चाटून संपवलान्!"

हे त्यांनी कुठंही ऐकलं नव्हतं. आजी जात्यावर बसली की एकदा कधीतरी ठकी उतेकरीण असं नाव तिच्या तोंडून आलं होतं, तेवढंच खरं. बाकी दोर, जांभूळ, पाठ, सगळं त्याच क्षणी तयार झालं.

 गिरिजाबाईंनी तीन टाळ्या वाजवल्या, प्रभावतीबाईंना त्या ऐकूच गेल्या नसाव्यात. त्या फक्त व्हरांड्याच्या कठड्याला धरून बघत राहिल्या. गिरिजाबाई जिंकल्या. तार करायला गेल्या तर पोस्टातला बाबू मजकूर वाचून म्हणाला, "शेलार जीते? कौन सा मैच था, बहनजी?"

आणि मग तो बोल सुटला की हो! पुढच्या वर्षी गावी गेल्या तर दोन्ही वाड्यांतल्या पोरी ठकूबाईचा बोल म्हणत होत्या. शेलारणी चिडवायला म्हणत, उतेकरणी मिरवायला. चार वर्षांत कुणी जांभूळ दाखवायला लागलं, कुणी दोराचा व्रण. गिरिजाबाई एकट्या जाऊन त्या जांभळीखाली उभ्या राहिल्या. झाड पंचवीस वर्षांपेक्षा मोठं नव्हतं! हसावं की रडावं कळेना. घरी येऊन संपतरावांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग काय झालं? फौजेत तर निम्म्या लढाया अशाच जिंकतात." पण संपतरावांच्या जिभेला काही भंडारा नव्हता. तेव्हापासून गिरिजाबाईंना प्रसादाची हळद जिभेला लागली की कडू लागायची, आणि हे त्या कुणालाही सांगत नसत.

तरी ओढ्यावर बोललेलं वाऱ्यावर जातं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली होती. या वर्षी ती समजूतही मोडली. उल्का नावाची पुण्याची एक मुलगी दिल्लीच्या विद्यापीठात डोंगरातल्या भाऊबंदकीच्या, वैराच्या गोष्टी गोळा करत होती. गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांचे आवाज टेप करून घेत होती. तिला सुगावा लागला की बोलाच्या दोन अस्सल राण्या इथं दिल्लीतच आहेत. गावात आता बोलायला लेकी उरल्या नव्हत्या, सगळ्या मुंबई-ठाण्याला. तेव्हा असं ठरलं की यंदाचा बोल गुरुग्रामला प्रभावतीबाईंच्या मुलाच्या घरी, गावात देवळापुढे फोन लाउडस्पीकरला जोडणार आणि उल्का सगळं रेकॉर्ड करून पुस्तकात घालणार. पुस्तकात! छापून! गिरिजाबाईंना रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. छापलेलं कसं परत घेणार? त्यांनी मनाशी पक्कं केलं की आज सांगून टाकायचं. बनवलेला बोल कबूल केला की शेलार हरणार, दिनकरचा पुढचा खांदा जाणार, दोन्ही वाड्या तोंडात शेण घालणार. घालू देत. निदान जीभ तरी धुतली जाईल.

एकोणिसाव्या मजल्यावर दार प्रभावतीबाईंनीच उघडलं. मुलाकडे येऊन सात वर्षं झालेली, केस पांढरे शुभ्र, पण आवाज तोच. "ये गं चाट्यांच्या लेकी. चहा घेणार ना? पाणी विचारत नाही." "विचारूही नकोस, सोड्यांच्या लेकी." मग दोघींनी गळ्यात गळे घातले.

उल्का सोफ्यावर यंत्र मांडून बसली होती. फोनमधून गावचा कालवा ऐकू येत होता. दिनकर खोकत होता, सूर्यकांत उतेकर कुणाला तरी माइक नीट धर म्हणून ओरडत होता. गिरिजाबाई पाय टाकून बसायला गेल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघून तशाच उभ्या राहिल्या.

भिंतीवर चौकटीत रंगीत चित्र होतं. उभा हिरवा कडा, दोर, दोराला लटकलेली नऊवारीतली बाई, पाठीला बांधलेला मिशीवाला माणूस. बाईच्या ओठाला पिवळा मध. आणि आजूबाजूला एवढ्या माश्या की कागद कमी पडला असावा.

"हे कोणी काढलं?"

"अलकाने. माझी नात." प्रभावतीबाईंनी हाक मारली तशी दहा वर्षांची, गुडघे खरचटलेली एक मुलगी आली. "आजी, ये वही दुश्मनवाली आजी हैं?" "हो गं, हीच." मुलगी गिरिजाबाईंकडे अशी बघायला लागली, जणू देवळात आलीय. म्हणाली, "मैं भी करती हूँ. क्लाइंबिंग. सोसायटीच्या वॉलवर. फर्स्ट आले मी. सर ने पूछा डर नहीं लगता? मैंने कहा माझी ठकूबाई होती ना." ओढा म्हणजे काय ते तिला सांगता आलं नसतं, पण ठकूबाईतला ठ तिनं दणकून म्हटला.

गिरिजाबाई मटकन बसल्या. आता आली का पंचाईत!

भंडारा जिभेवर ठेवला. बोल सुरू झाला. सुरुवातीला त्यांचं लक्षच नव्हतं, नंतर सवयीनं तोंड चालायला लागलं आणि मग दोघींना चेव चढला. "तुमच्या वाडीतल्या गाईसुद्धा दावं सोडून पळतात!" "तुमच्या वाडीत मुंग्यासुद्धा उपाशी मरतात, साखर आधी माणसंच चाटतात!" उल्का तोंडावर हात धरून हसत होती. फोनमधून गाव हसत होतं. खालच्या मजल्यावरून फोन आला की सगळं ठीक आहे ना, अलकानं सांगितलं, "हाँ अंकल, दादी का मैच है."

मग उल्कानं विचारलं, "प्रभावतीकाकू, तो ठकूबाईचा बोल तुमच्याकडून ऐकायचाय. तुमच्या घरात तो कसा सांगायचे?"

 एवढ्या वेळात पहिल्यांदा प्रभावतीबाईंचा आवाज खाली आला. "आमच्या घरात कुठला गं? मी पाच वर्षांची असताना आई गेली. आजी तर मी बघितलीच नाही. आज्यानं दुसरी केली, त्या सावत्र आजीपुढे पहिलीचं नाव काढायची सोय नव्हती. फोटो नाही, भांड्यावर नाव नाही. माझ्या आजीचं नाव ठकूबाई होतं हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं, ते या बयेनं गल्लीत शिवी दिली तेव्हा." त्यांनी गिरिजाबाईंकडे बोट केलं. "मी हरले त्या दिवशी. रात्री गुणवंतरावांना म्हटलं, अहो, मला आजी मिळाली. पार वेड लागल्यासारखी हसत होते. माझी माणसं तिला पुसून बसली, आणि वैऱ्याच्या घरानं सांभाळून ठेवली. एवढंच आहे माझ्याकडे तिचं. हे पुस्तकात घाल."



उल्का गिरिजाबाईंकडे वळली. "गिरिजाकाकू, म्हणजे हा बोल मूळचा शेलारांकडचा. तुम्ही ऐकलाय तो? कुणाच्या तोंडून? दोन्ही बाजू एक म्हणाल्या तर मी तो पक्का म्हणून लिहीन."

गिरिजाबाईंच्या जिभेवर भंडारा होता. हाच तो क्षण. घरून निघताना, मेट्रोत, लिफ्टमध्ये त्यांनी वाक्य घोकलं होतं: तो बोल मी बनवला. चार शब्द. प्रभावतीबाईंनी, नकळत असेल की सवयीनं असेल, पहिली टाळी वाजवली. गिरिजाबाईंनी चित्राकडे बघितलं. दुसरी टाळी. त्यांनी त्या खरचटलेल्या गुडघ्यांकडे बघितलं.  देवी, काय करायचं ते माझ्या जिभेचं कर, त्या मनात म्हणाल्या.

"हो," गिरिजाबाई म्हणाल्या. "ऐकलाय. माझ्या आजीच्या तोंडून. जात्यावर बसली की सांगायची. खरंय ते, अक्षर न् अक्षर."

 मग प्रभावतीबाईंच्या लक्षात आलं.

"हो म्हणाली! अगं बाई, हो म्हणाली! हरली! शेलार हरले!" आणि ही बाहत्तर वर्षांची बाई पदर कमरेला बांधून सोफ्याभोवती फुगडीच्या पावलांनी फिरायला लागली. अलका टाळ्या पिटत तिच्यामागे. फोनमधून सूर्यकांत उतेकरांनी ठोकलेली आरोळी, हलगी, आणि त्या सगळ्यातून दिनकरचा आवाज, "गिरजे! अक्कल कुठं गहाण ठेवलीस गं! सरळ हो म्हणतेस?" "चुकले रे दादा," गिरिजाबाई म्हणाल्या, "वय झालं." आणि त्याही हसायला लागल्या, पोट धरून, डोळ्यांतून घळाघळा पाणी येईपर्यंत. उल्कानं यंत्र बंद केलं, तरी त्यांचं हसणं थांबेना.

निघताना प्रभावतीबाई लिफ्टपर्यंत पोचवायला आल्या. अलका घरात गावाशी फोनवर बोलत होती. लिफ्ट आली, गिरिजाबाई आत शिरल्या, दार मिटायला लागलं तसा प्रभावतीबाईंनी मध्ये हात घातला. मघाचा जिंकलेला आवाज नव्हताच आता. पाच वर्षांच्या मुलीनं विचारावं तसं त्यांनी हळूच विचारलं, "गिरजे, दिसायला कशी होती गं ती? सांगितलं होतं कधी आजीनं?"

गिरिजाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. कपाळ, भुवया, हनुवटी, सगळं.

"तुझ्यासारखीच," त्या म्हणाल्या. "नाक फेंदारलेलं आणि तोंडाळ. आजी म्हणायची, हसायला लागली की अख्ख्या खोऱ्यात ऐकू जायचं."